जळगावातला स्प्रिंटचा क्लास, भाच्याला लावला होता

पोलीस भरतीच्या अकॅडम्या आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत पण नुसतं स्प्रिंट शिकवणारं कोणी सापडत नव्हतं, म्हणून भाच्याला शहराबाहेरच्या या ग्राउंडवर घातलं. फी महिन्याला बाराशे.

इथले सर पळवायच्या आधी तोंड सैल सोडायला लावतात भो! भाचा शंभर मीटरला दातओठ खाऊन, मान ताठ, मुठी आवळून सुटायचा आणि साठच्या पुढं गाडी बसायची. सर म्हणतात पळताना गाल लदलद हलले पाहिजेत. पोरं फिदीफिदी हसायला लागली तेव्हा त्यांनी अमेरिकेचा धावपटू टॉमी स्मिथचं काढलं, त्याचे कोच बड विंटर तिकडं सॅन होजे स्टेट कॉलेजात हेच शिकवायचे, जबडा सैल, हात सैल. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकला सेमीफायनलमध्ये मांडीत स्नायू धरला तरी गड्यानं फायनलला २०० मीटर १९.८३ ला काढलं, वर्ल्ड रेकॉर्ड, ते पण रेषेच्या आधीच दोन्ही हात वर करून. पोडियमवर वर्णभेदाच्या निषेधात काळा हातमोजा घालून मूठ वर केली म्हणून टीममधून काढलं, तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. पण पुढं ओबर्लिन आणि मग सांता मोनिका कॉलेजात कित्येक वर्षं पोरांना पळायला शिकवलं, ते मला इथंच कळलं.

दुसरं म्हणजे टायमिंग. अकॅडमीवाले बोर्डावर १०.९, ११.१ लिहून मोकळे होतात, सगळं हातातल्या घड्याळावर. पोरगं सुटताना घड्याळावरचा अंगठा उशिरा दाबला जातो, त्यामुळं इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंद कमीच दिसतं. सर तो पाव सेकंद वर टाकूनच वहीत लिहितात. भरतीत पोरांना १०० मीटरचे पैकीच्या पैकी १५ मार्क ११.५० सेकंदाला आहेत, तिथं पाव सेकंद म्हणजे गंमत नाही. पहिल्या दिवशी भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता तक्रारी. ट्रॅक मुरुमाचा, सुटताना पाय टेकवायच्या ब्लॉकच्या जोड्या दोनच, स्टार्टच्या दिवशी निम्मा वेळ रांगेत जातो. पाण्याची टाकी उघड्यावर, मे महिन्यात त्यातलं पाणी पिववत नाही, बाटली घरून न्या. संध्याकाळच्या बॅचला तर जाऊच नका, जमीन तापलेलीच असते, सकाळी साडेपाचची घ्या. सुटताना केळी मिळतात, एका पालकाच्या रावेरच्या मळ्यातली, एक नंबर.

आणि भरतीच्या १६०० मीटरची तयारी हवी असेल तर दुसरीकडं बघा, सर ती करून घेत नाहीत, फी घ्यायच्या आधीच सांगतात.