नेपाळात तानसेनला ९ दिवसांचं शॉर्ट टर्म मिशन : जाऊन आली, खरं काय ते सांगते

मी दारव्ह्याकडची, शिलाईचं काम करते, पोट्ट्यांचे युनिफॉर्म, ब्लाउज, फॉल-पिको यावरच आमचं घर चालते. यंदा आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, ११ जण नेपाळला आउटरीचला (सेवा अन् प्रचाराला) गेलो, तानसेन म्हणून पाल्पा जिल्ह्यात डोंगरावरचं छोटं शहर आहे तिथं. नेणारी संस्था बाहेरची होती, नाव लिहीत नाही, माणसं मनानं वाईट नाहीत. पण माणशी १८,५०० घेतले, अन् आपल्याकडे कापूस विकल्यावर उधारी फेडून हातात किती राहते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून पुढं जाणाऱ्यानं आधी वाचावं यासाठी लिहिते. ५ पैकी ३ स्टार. ते तीनही तिथल्या मंडळीला.

प्रवासाचं थोडक्यात. नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौली, मोठ्या कमानीखालून पायी पलीकडं गेलं की नेपाळ लागलं. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण मतदान कार्ड किंवा पासपोर्ट घ्याच, नुसत्या आधारवर जाऊ नका. पैसे शंभराच्या नोटांत न्या, आपल्या १०० चे तिकडं १६० होतात. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा. बुटवल सोडल्यावर सिद्धबाबाचा पट्टा लागते, एका बाजूला खोल दरी अन् वरून दगड कधी येईल सांगता येत नाही, आमची गाडी तिथं दोन तास उभी होती अन् सगळ्या बायांनी बायबलमधलं स्तोत्र २३ पाठ म्हटलं. मला सपाट रानाची सवय, डोळे उघडायची हिंमतच झाली नाही.

आता तक्रार. संस्थेनं छापून दिलेल्या कार्यक्रमात रविवारी सकाळी उपासना अन् नंतर मुलांची बायबल शाळा होती. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते हो, म्हणून मंडळीची उपासना पण शनिवारीच, रविवारी सगळी पोट्टी शाळेत! आम्ही चित्रं, रंगखडू, बिस्किटं घेऊन हॉलमध्ये बसून राहिलो अन् समोर दोन लहान लेकरं अन् एक म्हातारी आमा. एक फोन जरी तिथल्या पास्टरला केला असता तर हे कळलं असतं. मला त्या रिकाम्या चटया पाहून फार वाईट वाटलं, कारण आमच्या संडे स्कूलच्या पोरींनी महिनाभर बसून ती चित्रं कापली होती.

दुसरी गोष्ट याहून मोठी. गोरखपूरला स्टेशनवर प्रत्येकाच्या बॅगेत धर्मप्रचाराच्या पत्रिकांचे गठ्ठे टाकले अन् बाजारात वाटा म्हणाले. तिथला कायदा काय आहे ते कोणीच सांगितलं नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, अन् २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला ५ वर्षांपर्यंत कैद अन् ५०,००० पर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. हे मला तिथल्या पास्टर दाजूंनी (दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) सांगितलं, पहिल्याच रात्री. त्यांनी गठ्ठे मागून घेतले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं अन् म्हणाले, "दिदी, तुम्ही ९ दिवसांनी घरी जाल, चौकीत जाऊन बसावं लागेल ते आम्हाला." मी त्या रात्री बराच वेळ जागी होती. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगू नये असं मी कधीच म्हणणार नाही, माझं आयुष्यच तिच्यावर उभं आहे. पण ज्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो त्यालाच आपल्यापायी त्रास व्हावा हे प्रभूला आवडेल असं मला वाटत नाही.

तिसरं, भिंत रंगवायचं काम. आमच्यातल्या कोणाला रंगकाम येत नाही, ओलीवरच डिस्टेंपर मारलं अन् तिसऱ्या दिवशी पापुद्रे निघाले. मंडळीतलाच एक भाऊ पेंटर आहे, रोजीनं जातो. त्याला मजुरी दिली असती तर भिंतही झाली असती अन् त्याच्या घरी चार पैसेही गेले असते.

चांगलं जे झालं ते कार्यक्रमात नव्हतंच. मंडळीच्या मागच्या खोलीत महिला मंडळाच्या ५ शिलाई मशिनी आहेत, पायाच्या, काळ्या. त्यातल्या ३ बंद. पाल्पा ढाका कापडासाठी नावाजलेलं आहे, नेपाळी माणसाच्या डोक्यावरची ती रंगीत नक्षीची टोपी त्याच कापडाची, अन् या बाया टोप्या, पिशव्या शिवून विकतात. मी सहज चाक फिरवून पाहिलं तर जागचं हलेना. प्लेट खोलली, शटल काढलं, तर आत चिकट पिवळा डिंक जमलेला, त्यात दोऱ्याचे तुकडे अन् कापडाची लव घट्ट बसलेली. विचारलं तेल कोणतं टाकता, तर मोहरीचं! घरात तेच असते, दुसरं कुठून आणणार. आपल्याकडं पण खोबरेल टाकून मशिनी जाम झालेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत. मग रॉकेल मागवलं, जुना टूथब्रश घेतला, एकेक भाग काढून पाटावर ओळीनं मांडला अन् धुतला. पहिलं मशीन मी उघडलं. दुसरं मी सांगितलं अन् दोन पोरींनी उघडलं. तिसऱ्याला मी हातच लावला नाही, नुसती बाजूला बसून राहिली. एकीच्या बॉबीन केसची पत्ती वाकली होती, एकीत सुईच उलटी बसवलेली, एकीचा पट्टा ढिला, तो कापून पिन मारली. भाषेची फार अडचण आली नाही, त्यांची लिपी आपलीच देवनागरी, पाटीवरचं वाचता येते, बाकी हिंदीत अन् हातवाऱ्यांनी झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचही मशिनी एकदम चालल्या, तो खडखड आवाज मला दारव्ह्याच्या माझ्या खोलीतला वाटला अन् डोळे भरून आले. एका पोरीनं टोपीची पहिली शिवण घातली, उलटून पाहिली, टाका खालीवर सारखा होता. तिनं ती टोपी मला दिली नाही, विकायला ठेवली, अन् तेच मला सगळ्यात जास्त आवडलं.

शनिवारची उपासना सांगायलाच पाहिजे. चपला बाहेर, जमिनीवर बैठक, पुरुष एकीकडं बाया एकीकडं, मादल म्हणून ढोलकीसारखं वाद्य वाजते अन् सगळे टाळ्या वाजवत गातात. अर्थ अर्धा कळतो, तरी आपली भजनं ऐकल्यासारखं वाटते. निघताना प्रत्येक जण दोन्ही हात जोडून "जय मसीह" म्हणतो. जेवणात दोन वेळ दालभात, अन् चुकाउनी म्हणून पाल्प्याची खासियत, उकडलेला बटाटा दह्यात अन् वरून मेथीची फोडणी, मी घरी आल्यापासून तीनदा केली.

तिथंच टेकडीवर मिशनचा दवाखाना आहे, युनायटेड मिशन टू नेपाळनं १९५४ मध्ये सुरू केलेला, अजून लोक दूरदूरच्या खेड्यांतून तिथं येतात. ७० वर्षांवर झाली. त्याच्या दारात रांग पाहून मला आपल्या नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आठवले. ते १८४५ मध्ये नागपुरात आले, मराठी शिकले, शाळा चालवली, गोंड लोकांची माहिती गोळा केली, अन् १८६३ मध्ये टाकळघाटहून परत येताना नदीच्या पुरात वाहून गेले, इथल्याच मातीत राहिले. १८ वर्षं. ९ दिवसांत तसं काही होणार नाही हे संस्थेनं पोस्टरवर "राष्ट्र बदला" लिहिण्याआधी समजून घ्यायला पाहिजे होतं. ९ दिवसांत एक मशीन दुरुस्त होते, एका आजारी माणसाजवळ बसता येते, मंडळीला वाटते की आपली आठवण कोणाला तरी आहे. तेवढं मनापासून झालं तरी मला पुरेसं वाटते.

ज्यांना जायचं असेल त्यांनी पैसे भरायच्या आधी विचारा की कार्यक्रम कोणी ठरवला, तिथल्या पास्टरनं की इथल्या ऑफिसनं. पास्टरचं नाव सांगता येत नसेल तर थांबा. १८,५०० पैकी तिथल्या मंडळीला किती गेले तेही विचारा, आम्ही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं नाही. अन् हाताला जे काम येते तेच घेऊन जा, नर्स असाल तर नर्सचं, मिस्त्री असाल तर मिस्त्रीचं. लेकरांच्या हातात बिस्किट देऊन फोटो काढू नका, तिथल्या आयांना ते आवडत नाही, आपल्याला तरी आवडलं असतं का.

परवा टोपी शिवणाऱ्या त्या पोरीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, एका मशीनचा टाका पुन्हा सुटते म्हणते, अस्तर जाड आहे. दिवाळीनंतर आमच्या मंडळीतले दोघं जण स्वतःच्या खर्चानं जाणार आहेत, त्यांच्याजवळ १६ नंबरच्या सुयांची दोन पाकिटं, एक बॉबीन केस अन् मशीनच्या तेलाच्या चार बाटल्या पाठवते आहे. १४ नंबरची सुई त्या कापडाला पुरत नाही.