व्हिडिओत दाखवला एक टर्बो, पाठवला दुसरा

फियाटची लिनिया टी-जेट ही टर्बोवाली गाडी घरी ठेवून तिच्यावर काम करणारे कोकणात थोडेच असतील, पण आहेत. त्यांच्यासाठी, आणि मोबाइलवर जुना टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) शोधणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. माझे ३९ हजार गेले. ते परत मिळतील तेव्हा मिळतील, पण ज्या पद्धतीने ते काढून घेतले ती पद्धत अजून जोरात चालू आहे.

भारतात फियाटच्या गाड्या २०१९ मध्ये बंद झाल्या. तेव्हापासून टी-जेटचा टर्बो हवा म्हटलं की भंगारात निघालेल्या गाड्या, ओळखीपाळखी आणि मोबाइलवरचे ग्रुप, एवढाच आधार. इंजिन मात्र जीव लावावा असं आहे. १३६८ सीसी, लिनियात ११४ अश्वशक्ती, आणि तेच इंजिन फियाटच्याच २०१५ च्या अबार्थ पुंटोत १४५ पर्यंत गेलं. माझ्या गाडीच्या टर्बोचं सील गेलं होतं, ऑइल जळून निळा धूर यायचा. घरामागच्या चिऱ्याच्या शेडमध्ये मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी), पाइप, क्लॅम्प सगळं जमवून ठेवलं होतं. अडलं होतं ते टर्बोपाशी.

विकणारा बोलायला गोड, आणि कामातलं कळणारा. व्हिडिओ कॉलवर टर्बो हातात धरून त्याने शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, बोटाने फिरवून दाखवला, नंबरची पट्टी कॅमेऱ्यासमोर आणली. पार्ट नंबर मी ताडून पाहिला, जुळला. ‘रिबिल्ड केलेला आहे, बॅलन्सिंगचा रिपोर्ट सोबत देतो,’ म्हणाला. म्हणजे आतले झिजलेले भाग बदललेत, आणि चाकं फिरताना थरथरू नयेत म्हणून त्यांचा तोल साधलाय. पैसे यूपीआयने घेतले. खातं भलत्याच नावाचं होतं, तर म्हणे भावाचं आहे. पार्सल वेळेवर आलं. पट्टीवरचा नंबर तोच, रिपोर्टवरचाही तोच. इथे माणूस निर्धास्त होतो आणि पाने हातात घेतो. त्याचा सगळा डाव यावरच उभा आहे.

बसवण्याआधी तो टर्बो मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरात नेला. ट्रॉलरची टर्बोवाली डिझेल इंजिनं उघडण्यात ज्यांची हयात गेली असे एक चाचा तिथे आहेत. त्यांनी आधी शाफ्ट आडवा हलवला. तिथे किंचित खेळ असतोच, कारण शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मग त्यांनी तो पुढे-मागे ओढला, तर बोटाला स्पष्ट टकटक लागली. ही हालचाल हाताला जाणवताच कामा नये. मग कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाचं नट आणि चाकाची पाठ बॅटरीच्या उजेडात पाहिली. बॅलन्सिंग करताना तिथून थोडा धातू घासून काढतात, त्याच्या खुणा राहतात. इथे एकही ताजी खूण नव्हती, म्हणजे रिपोर्ट नुसता कागद. पट्टीचे रिव्हेट नवे, आणि भोवती स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे. खऱ्या टर्बोची पट्टी काढून या सांगाड्यावर ठोकली होती.

शेवटी चाचांनी ऑइलच्या भोकातून रॉकेल सोडलं आणि खाली पांढरं फडकं धरलं. फडक्यावर बारीक चमकणारे कण उतरले. बाहेरून नवा दिसावा म्हणून टर्बो ब्लास्टिंग करून, म्हणजे रेतीचा मारा करून, घासून घेतला होता आणि त्याची रेती आतच राहिली होती. ‘भाऊ, ह्याला रिबिल्ड नाय केला, नुसती आंघोळ घातलीय,’ एवढंच ते म्हणाले.

तो बसवला असता तर काय झालं असतं, हे डोळ्यांसमोर आणून बघा. एवढा छोटा टर्बो जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. रेतीने बेअरिंग खाल्लं की चाक घराला घासतं, पातं तुटतं, तुकडे इंटरकूलरमध्ये आणि पुढे इंजिनाकडे जातात. टर्बोच्या किमतीत भागत नाही, इंजिनच उघडावं लागतं. आंबा घाटात ओव्हरटेक करताना हे झालं तर गाडीतल्या माणसांचं काय, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

फोन केला तर आधी ‘तुम्ही उघडलात, वॉरंटी गेली’. मग सूर बदलला: ‘मॉडिफिकेशन बेकायदा आहे, तक्रार केलीत तर मीच आरटीओला कळवतो.’ या धमकीनेच बरेच जण गप्प बसतात. बसू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांविषयी आहे, आणि ते पाळायलाच हवं. पण सुटा भाग विकत घेणं हा गुन्हा नाही, आणि त्यात फसवलं गेल्यावर तक्रार करण्याचा हक्क कुठेही जात नाही.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम समोरच्या खात्यात शिल्लक असेल तर ती गोठवता येते. माझ्या बाबतीत ती पुढे सरकली होती. विकणारा हा धंदाच करत असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल होते, विकणारा कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी रत्नागिरीत तक्रार दिली आहे. तो धंदाच करतो हे दाखवायला त्याच्या जुन्या जाहिराती जोडल्या आहेत.

सगळ्यात मोठा पुरावा ठरला तो व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग. त्यातल्या टर्बोच्या तोंडाशी, कडेला, नखाएवढा टवका उडालेला आहे. मला आलेल्या टर्बोची कड अखंड आहे. परवा त्याच टर्बोचे फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेले दिसले: मागे निळं प्लास्टिकचं पिंप, आणि कडेला तोच टवका. तुमच्यापर्यंत आले तर एक रुपयाही आगाऊ पाठवू नका.