ताडोबा की नवेगाव-नागझिरा? वाघ नाही दिसला तर काय, ते आधी ठरवा

नागपूरहून निघायचं आणि तीन दिवस हातात आहेत, तर दोन वाटा समोर येतात. एक दक्षिणेला चंद्रपूरकडे, म्हणजे ताडोबाला, दुसरी पूर्वेला भंडारा-साकोलीकडे, म्हणजे नवेगाव-नागझिऱ्याला. तलाव, जंगल आणि जुनी देवस्थानं दोन्हीकडे आहेत. बहुतेक जण वाघांच्या आकड्यावरून निकाल लावतात. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो. सफारी होते सकाळी आणि दुपारी, मग मधल्या वेळाचं काय? आणि सोबतच्या सासूबाईंना वाघाचं काडीइतकं कौतुक नसेल तर?

आधी वाघाचा विषय संपवू, कारण तो लवकर संपतो. इथे ताडोबा सरळ पुढे आहे. 1955 पासूनचं हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. नवेगाव-नागझिऱ्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तो 2013 च्या डिसेंबरात. दोन्हींचं गाभा क्षेत्र, म्हणजे आतलं राखीव जंगल, जवळपास सारखं, सव्वासहाशे-साडेसहाशे चौरस किलोमीटर, पण वाघांच्या संख्येत मोठी तफावत. इतकी, की 2023 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. घरातल्या मुलांची पहिलीच सफारी असेल आणि त्यांना वाघच हवा असेल, तर पुढचं वाचत बसू नका. मोहर्ली किंवा कोलारा गेटचं बुकिंग मिळतंय का बघा.

अर्थात तिथे वाघ निघाला की जिप्स्यांची रांगही लागते. सगळे उभे राहतात आणि मागच्या गाडीला पुढच्यांच्या टोप्या दिसतात. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही. लोक त्यावर कुरकुरतात, मला मात्र ती ताडोबातली सर्वांत चांगली सोय वाटते. नागझिऱ्यात रानकुत्र्यांची टोळी, गवे, अस्वल यांवर समाधान मानायची तयारी हवी. बदल्यात जंगल तुमच्या एकट्याचं असल्यासारखं वाटतं.

आता तलाव. इथे माझं मत अगदी उलट पडतं. ताडोबाचा तलाव देखणा आहे, त्यात मगरी आहेत, काठावर तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख आदिवासींचा देव झाला आणि ताडोबा हे नावही त्याच्यावरूनच पडलं, असं सांगतात. पौषात तिथे जत्रा भरते. पण एरवी हे सगळं तुम्ही जिप्सीतून बघता, खाली उतरायचं नाही. गाईडचं लक्ष पुढच्या कॉलकडे, म्हणजे वाघाची चाहूल देणाऱ्या प्राण्यांच्या ओरडण्याकडे लागलेलं असतं.

नवेगावबांधला तलावाकाठी निवांत बसता येतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या फटी बांध घालून बुजवल्या आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी अडलं. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. हा एकच नाही. धानासाठी कोहळी समाजाने या मुलखात जागोजाग तलाव खोदले, पुढे त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं, आणि आजही कित्येक गावांची शेती त्यांच्यावर चालते. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं उतरतात. गोंदियाच्या बाजूला धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसली तर गाडी लांबच थांबवा. महाराष्ट्रात सारस जवळपास याच पट्ट्यात उरलेत. दुर्बीण असेल आणि पहाटे उठायची सवय असेल, तर मी तुम्हाला डोळे मिटून पूर्वेला पाठवीन.

नावातल्या जोडरेषेवर मात्र जाऊ नका. नवेगाव आणि नागझिरा हे एकसंध जंगल नाही. मधून नागपूर-रायपूर महामार्ग जातो, त्यामुळे मुक्काम दोन ठिकाणी करावा, नाहीतर दिवस गाडीतच जातो.

देवस्थानांत दक्षिणेकडे अधिक काही बघण्यासारखं आहे. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरच्या भद्रावतीत भद्रनागाचं मंदिर, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी, तिन्ही एकाच गावात. सासूबाईंचा प्रश्न इथे सुटतो. त्याहून लांब मार्कंड्याची जुनी मंदिरं, गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठी. मूलमार्गे जाऊन यायला अख्खा दिवस धरा. भिंतींवरच्या मूर्ती बघताना 'विदर्भाचं खजुराहो' ही शाबासकी मला थोडी अपुरीच वाटली, कारण खजुराहोला अशी नदी नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र शिल्पं बघायला जाऊ नये, गर्दीत मान वर करता येत नाही.

पूर्वेला या तोडीचं शिल्प नाही. नवेगावपासून फार दूर नसलेल्या प्रतापगडला महादेवाचं स्थान आणि दर्गा दोन्ही आहेत, आणि त्याच भागात तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि त्यांचा मठ आहे. धानाच्या शेतांमागे फडफडणाऱ्या प्रार्थनापताका बघून माणूस क्षणभर गोंधळतो.

हवामानाचंही बघा. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं, पण चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वयस्कर माणसं असतील तर डिसेंबर-जानेवारी. त्या दिवसांत नवेगावला पक्षीही असतात, म्हणजे पूर्वेचं पारडं आणखी जड. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद, भोवतालचा बफर पट्टा चालू.

दोन्ही हवं असेल तर गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग अर्जुनी, वडसा, नागभीड, मूल असा दोन्ही मुलखांतून जातो. एकच दिवस असेल तर दोन्ही सोडा आणि रामटेक गाठा: गडावर राममंदिर, वाकाटककालीन नरसिंह मंदिरं, खाली अंबाळा तलाव, सगळं नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर.

आणि ताडोबा ठरलंच तर लक्षात असू द्या, मंगळवारी सफारी बंद असते. भद्रावती त्या दिवशी ठेवा.