डाळिंबाच्या बियांचं तेल, द्राक्षबियांचं तेल, की आपली करडईच बरी?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून वहिनी दोन बाटल्या घेऊन आल्या. एक ३० मिलीची, डाळिंबाच्या बियांच्या तेलाची. दुसरी पाव लिटरची, द्राक्षबियांच्या तेलाची. ‘भावजी, बघा बरं यातलं कशाला काय लावायचं, आणि पोटात घेतलं तर चालतंय का,’ म्हणून दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या. होम मैदानावरच्या त्या स्टॉलवाल्याने शुगर, बीपी, सांधे, केस, सुरकुत्या असं सगळं एका दमात बरं करून दाखवलं होतं. वहिनींना मी जे सांगितलं तेच इथं लिहितोय. ज्यांनी अजून पैसे मोजलेले नाहीत त्यांना जास्त उपयोगी पडेल.

आधी द्राक्षाचं घेऊ, त्याचा निकाल लवकर लागतो. या तेलात सुमारे ७० टक्के लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६. करडईच्या नेहमीच्या तेलात तेच ७५ टक्क्यांच्या आसपास असतं. ई जीवनसत्त्व १०० ग्रॅम द्राक्षबी तेलात २९ मिलिग्रॅमच्या घरात, करडईत ३४. ओमेगा-३ दोन्हींत नावापुरतंही नाही. ते हवं असेल तर जवसाची चटणी खावी. म्हणजे कढईपुरतं बोलायचं तर ही दोन तेलं सख्खी भावंडं आहेत. त्यातलं एक परदेशी बाटलीतून येतं, दुसरं आपल्या काळ्या रानात ज्वारीच्या कडेनं काटे काढून उभं असतं, जनावर आत शिरू नये म्हणून. भाजीला फोडणी द्यायला द्राक्षबी तेल विकत घेण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडची खायची द्राक्षं बिनबियांची. थॉमसन, माणिक चमन, आणि नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका. (सोलापूर, नान्नज, काळे: सो-ना-का.) बेदाण्याच्या शेडवर कितीही हिंडलात तरी तेल काढण्याइतक्या बिया मिळायच्या नाहीत. या तेलासाठी बिया येतात त्या बहुतेक वाइन गाळून उरलेल्या चोथ्यातून. शिवाय वाळलेल्या बीत तेल असतं जेमतेम १० ते १६ टक्के. घाण्यावर ते पुरतं निघत नाही, म्हणून पुष्कळदा हेक्झेनसारखं द्रावक वापरून काढतात आणि मग रिफाइंड करतात. बाटलीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ लिहिलेलं नसेल तर ते तसंच काढलंय असं समजायला हरकत नाही.

मग द्राक्षबियांचं एवढं नाव कशामुळे? तर अर्कामुळे. तेल आणि अर्क यांत लोकांची हमखास गल्लत होते, आणि विकणारा ती होऊ देतो. बीमधली जी अँटिऑक्सिडंट द्रव्यं, म्हणजे पॉलिफेनॉल, गाजतात, त्यातले प्रोअँथोसायनिडिन, ते तेलात फारसे विरघळतच नाहीत. बी पिळली की ते पेंडीत राहतात. पाणी किंवा अल्कोहोल वापरून ते पेंडीतून वेगळे काढतात, त्याची पूड करतात आणि कॅप्सूलमध्ये भरतात. तेव्हा रक्तदाबाबद्दल जे काही अभ्यास झालेत ते या अर्काचे आहेत, तेलाचे नाहीत. निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलेल्या २०११ च्या आढाव्यात वरचा दाब सरासरी दीड अंकानं उतरलेला दिसला, २०१६ च्या आढाव्यात सहाच्या आसपास. म्हणजे काहीतरी होतं, पण गोळी सोडण्याइतकं नाही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे कॅप्सूल घेऊ नये. आमचे दादा रोज रक्त पातळ करणारी गोळी घेतात, म्हणून वहिनींना हे मी दोनदा सांगितलं.

आणि हे प्रोअँथोसायनिडिन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते द्राक्षातून नव्हेच. बोर्डो विद्यापीठातल्या जॅक मास्केलिए यांनी १९४०च्या दशकात ते शेंगदाण्याच्या लाल सालीतून काढलं. शेंगाचटणी कुटायच्या आधी आपण सुपात पाखडून फुंकर मारतो आणि अंगणात उडवून देतो, तीच ही साल.

आता डाळिंब. इथं मी जरा थांबतो, कारण या तेलात खरोखर असं काहीतरी आहे जे करडईत नाही, शेंगदाण्यात नाही, सूर्यफुलातही नाही. त्याला म्हणतात प्युनिसिक आम्ल. बाटलीवर ‘ओमेगा-५’ असं छापलेलं असतं. डाळिंबाच्या बीतल्या तेलाचा ६५ ते ८० टक्के भाग हेच आम्ल असतं. पोटात गेलं की शरीर त्यातल्या काही भागाचं सीएलए (कॉन्जुगेटेड लिनोलिक आम्ल) बनवतं, जे दुधातुपातही थोडंफार असतं. प्रयोगशाळेत, उंदरांवर, पेशींवर याचे निकाल चांगले आलेत. माणसांवर मात्र काम थोडं. इराणमध्ये रक्तातली चरबी वाढलेल्या ५१ जणांवर एक चाचणी झाली. त्यात तेल घेणाऱ्यांना ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं चार आठवडे दिलं. ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) उतरले, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि साखर होती तिथंच राहिली. एवढ्यावर शुगर बरी होते म्हणणाऱ्याकडून मी साधा चहासुद्धा घेणार नाही.

हे तेल तापवायचं तर मुळीच नाही. प्युनिसिक आम्लाचे तीन दुहेरी बंध एका ओळीत असतात आणि हवेशी त्यांची पटकन झटापट होते. व्हार्निशमध्ये जे टंग तेल घालतात, त्यातलं मुख्य आम्ल याचंच भावंड आहे. तेही हवेत सुकून पापुद्रा धरतं. बाटलीचं तोंड चिकट झालं, रंगासारखा वास आला, तर तेल गेलं. म्हणून लहान बाटली, काळी काच, आणि उघडल्यावर फ्रिज. आपल्या मे महिन्यात ते कपाटात ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

विकत घेताना रंग बघा. डाळिंब लाल म्हणून तेलही लाल असेल असं वाटतं, पण बीचं तेल फिकट पिवळसर असतं. गडद लाल आणि सरबताचा वास येत असेल तर ते साली भिजवलेलं खोबरेल किंवा तिळाचं तेल असण्याची शक्यता मोठी. घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘प्युनिका ग्रॅनाटम सीड ऑइल’ असायला हवं. ‘डाळिंब अर्क’ हा आणखी तिसराच प्रकार. तो बहुधा सालीचा असतो, त्यात टॅनिनं असतात आणि प्युनिसिक आम्लाचा पत्ता नसतो. महाग असण्याचं कारण सरळ आहे: वाळलेल्या बीत तेल १२ ते २० टक्के. १५ टक्के धरलं तरी किलोभर तेलाला सहा-सात किलो सुकी बी लागते, आणि ती रस काढल्यावर, गर धुऊन, वाळवून मिळवायची.

पण ज्या सोलापूर जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्याच्या केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या माणसानं एक हिशोब करावा. १०० ग्रॅम दाण्यांत सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर चरबी असते, आणि ती मुख्यतः बीतली. वर ४ ग्रॅम तंतू. म्हणजे भगवा जातीच्या डाळिंबाची एक मोठी वाटी बियांसकट नीट चावून खाल्ली, तर त्या चाचणीत दिवसभरात दिलं तेवढं तेल तोंडातूनच येऊ शकतं. अट एकच: चावायचं. अख्खी गिळलेली बी तशीच बाहेर पडते. आणि रस गाळून प्यालात तर हे सगळं चोथ्यात गेलं. भगव्याचं बी मऊ असल्यानं दातांची तक्रार नसते.

म्हणून डाळिंबाचं तेल घ्यायचंच असेल तर मी ते त्वचेसाठी घेईन. रात्री कोपरं, टाचा, गालावर दोन थेंब, तेही आधी मनगटावर एक दिवस लावून बघून. सुरकुत्या जातात असं मी म्हणत नाही. कोरडेपणाला बरं वाटतं, आणि तेवढ्यासाठी ही किंमत द्यायची की खोबरेल लावायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

जांभळाच्या बियांची पूड स्टॉलवर शेजारीच होती. परंपरा मोठी, पुरावा बारीक. शुगरच्या औषधाच्या गोळीसोबत घेतली तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगून घ्यावी. आणि बार्शी भागात सीताफळ मुबलक म्हणून त्याच्या बियांचा प्रयोग कुणी करू नये. ती बी विषारी आहे. उवांसाठी वाटून लावलेला लेप डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. द्राक्षबी तेल सपक असतं, म्हणून ते कोशिंबिरीवर घालून संपवायचं ठरलं. डाळिंबाची बाटली आता फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी उभी आहे, आणि पुतणी ती रोज हळूच केसांना लावतेय असा मला संशय आहे.