स्वस्त प्रायमर आणि ‘इमिग्रेशनला कळवू’ची धमकी

अमेरिकेत राहून रायफल नेमबाजी करणारी आणि घरी स्वतःची काडतुसं भरणारी मराठी माणसं फार नाहीत, पण आहेत. काडतुसाचं सामान विकणाऱ्या एका खोट्या ऑनलाइन दुकानाने मला ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर जास्त चालते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. माझे २४० डॉलर गेले. ते लोक त्याच्या कितीतरी पट काढायच्या बेतात होते, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेलं हत्यार म्हणजे भीती.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, पावडर पेटवणारा छोटा प्रायमर, आतली पावडर म्हणजे बंदुकीची दारू आणि तोंडाशी गोळी. झाडल्यावर बाकी सगळं संपतं, पुंगळी शाबूत राहते. ती साफ करून, प्रेसवर डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून परत मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या कोष्टकाप्रमाणे पावडर तोलायची, गोळी बसवायची आणि कॅलिपरने लांबी तपासायची. मी ओहायोत सर्व्हिस रायफल प्रकार खेळतो. त्यात २००, ३०० आणि ६०० यार्डांवर नेम धरावा लागतो. ६०० यार्डांवर एका काडतुसात आणि दुसऱ्यात किंचित फरक असला तरी तो निशाण्याच्या कागदावर दिसतो, म्हणून बहुतेक नेमबाज आपला दारूगोळा स्वतः भरतात. ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही त्याच्या पावडरीबद्दल विचारलंत, तर अर्धा तास निघून जातो.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिथे हे वाचून कुणी प्रयोग करू नयेत. आणि अमेरिकेत एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. संघीय कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. सुटे प्रायमर, पुंगळ्या, गोळ्या आणि पावडरही त्यातच येतात. ग्रीनकार्ड असलेल्याला ही बंदी लागू नाही. माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे. हे तपशील पुढे कामाला येणार आहेत.

२०२० च्या मार्चनंतर सगळं बदललं. महासाथ, उन्हाळ्यातली निदर्शनं, निवडणुकीचं वर्ष. त्या एका वर्षात एफबीआयकडे बंदूकखरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्या सुमारे ३ कोटी ९७ लाख झाल्या. नव्या बंदुका घेणाऱ्यांना काडतुसं हवी होती. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातल्या रेमिंग्टनने त्याच जुलैत दिवाळखोरी जाहीर केली. उरलेल्या कारखान्यांनी प्रायमर आधी स्वतःच्या तयार काडतुसांना वापरले, आणि सुट्या प्रायमरचे कप्पे दुकानादुकानांत रिकामे झाले. महासाथीआधी हजार प्रायमरचा डबा ३०–३५ डॉलरला मिळायचा. तोच पुढे खासगी विक्रीत १०० च्या वर, कधी २०० पर्यंत गेला. कॅम्प पेरीचे २०२० चे सामने रद्द झाले होते, २०२१ चे होणार होते, आणि आमच्या क्लबात प्रत्येकजण एकमेकांना एकच प्रश्न विचारत होता: स्मॉल रायफल प्रायमर कुठे दिसले का?

नेमक्या या भुकेवर ते दुकान उभं केलेलं होतं. शोधताना एक संकेतस्थळ वर आलं. नाव दणकट, पत्ता आमच्या शेजारच्या राज्यातला, खाली शस्त्रविक्री परवान्याचा क्रमांक, गोदामाचे फोटो. सीसीआय ४००, ४५०, ४१, फेडरल २०५एम, विंचेस्टर, प्रायमरच्या सगळ्या जाती ‘स्टॉकमध्ये’. हजाराचा भाव ४८ डॉलर. पाच हजारांची पेटी घेतली तर पाठवणी फुकट. भाव मुद्दाम फार खाली ठेवलेला नव्हता. दहा डॉलर लिहिले असते तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. ४८ म्हणजे ‘जुन्या भावापेक्षा जास्त, पण लुटारू भाव नाही’, अशा प्रामाणिक दुकानदाराचा आकडा. हा आकडा ठरवणाऱ्याला आमचा छंद चांगला माहीत होता.

पैसे भरायच्या पानावर कार्डाचा पर्याय दिसत होता, पण तो दाबला की ‘बंदुकीच्या मालामुळे आमच्या कार्ड कंपनीने सेवा तात्पुरती थांबवली आहे’ असा निरोप यायचा. ही थाप फार विचारपूर्वक निवडलेली आहे, कारण बंदुकीशी संबंधित धंद्यांना पैसे घेणाऱ्या कंपन्या नकार देतात हे इथल्या प्रत्येक नेमबाजाला ठाऊक असतं. मग उरलं झेल (Zelle, बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सेवा) किंवा बिटकॉइन. मी झेलने २४० डॉलर भरले. घेणाऱ्याचं नाव दुकानाचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारल्यावर ‘आमच्या हिशेबनिसाचं खातं’ असं उत्तर लगेच आलं. वयाची खात्री म्हणून वाहन परवान्याचा फोटोही मागितला, तोही दिला.

दोन-तीन दिवस गोड मेल येत राहिले, मागोवा घ्यायचा क्रमांक आला. त्यानंतर एका ‘कुरिअर कंपनी’चा मेल आला: तुमच्या पेटीत स्फोटक वर्गातला माल आहे, त्यासाठी ६५० डॉलरचा धोकादायक-माल विमा भरावा लागेल, माल पोचल्यावर पूर्ण परत मिळेल. मी नाही म्हटलं, ऑर्डर रद्द करा म्हटलं. त्या रात्री सूर पालटला. आता मेलमध्ये माझं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि वाहन परवान्याचा क्रमांक होता. स्फोटकांची पेटी तुमच्या नावाने बेवारस पडली आहे, चोवीस तासांत विमा भरला नाही तर एटीएफ (शस्त्रं आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणारं संघीय खातं) आणि होमलँड सिक्युरिटीकडे तक्रार जाईल, आणि ‘परदेशी जन्माच्या व्यक्तीने स्फोटकं सोडून देणं’ हे इमिग्रेशनच्या नोंदीत जाईल. माझं आडनाव पाहूनच हे शेवटचं वाक्य लिहिलेलं होतं. आमच्या क्लबातल्या एका गोऱ्या सभासदाला त्याच टोळीचा मेल आला होता; त्यात एटीएफ होतं, इमिग्रेशन नव्हतं.

ते वाक्य वाचल्यावर घरात काय होतं हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. बायको म्हणाली, ‘साडेसहाशे देऊन टाक, निदान झोप तरी लागेल.’ तिचं चूक नव्हतं. नागरिकत्वाचा अर्ज भरायचा विचार चाललेला, मुलगी शाळेत, आणि मेलमध्ये सरकारी खात्यांची नावं. याच क्षणासाठी तो मेल बेतलेला असतो.

मला थांबवलं ते क्लबातल्या एका निवृत्त रेल्वेवाल्या गृहस्थांनी. त्यांनी आयुष्यभर धोकादायक मालाची कागदपत्रं हाताळली आहेत. ते म्हणाले, प्रायमर पाठवताना वर्गीकरण, वेष्टण, खूण आणि कागद ही कामं पाठवणाऱ्याची. माल घेणाऱ्याकडून कुणीही कधी विमा मागत नाही. प्रायमरला धोकादायक मालाची जादा फी खरंच असते. ती त्या काळी पेटीमागे साधारण २० ते ४० डॉलर पडायची, आणि ती दुकान स्वतः बिलातच लावतं, माल वाटेत असताना नाही. सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी पुढे सांगितलं: पेटीच नाही. कुठल्याही गोदामात तुझ्या नावाने काही पडलेलं नाही, त्यामुळे बेवारस सोडण्यासारखंही काही नाही. आणि ग्रीनकार्डवाल्याने चालू दुकान समजून प्रायमर मागवणं हा कुठलाच गुन्हा नाही.

मग आम्ही दोघांनी बसून ते संकेतस्थळ उघडं केलं. संकेतस्थळांच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या मोफत शोधपानावर त्याची नोंदणी पाहिली, तर ‘१९९४ पासून सेवेत’ म्हणणाऱ्या दुकानाचं नाव काही आठवड्यांपूर्वी घेतलेलं होतं. परवान्याचा क्रमांक एटीएफच्या ‘ईझी चेक’ या पानावर टाकला. तो खरा निघाला, पण दुसऱ्याच गावातल्या एका छोट्या दुकानाचा. तिथे फोन केला, तर मालक हताश होते. रोज कुणीतरी त्यांनाच शिव्या घालायला फोन करत होतं. पाठवणीच्या माहितीत ‘पोस्टाने, तीन दिवसांत’ असं लिहिलेलं होतं. अमेरिकेचं टपाल खातं प्रायमर, पावडर आणि काडतुसं घेतच नाही. धोकादायक मालाच्या फीचा तर बिलात उल्लेखच नव्हता. प्रायमर विकणारं खरं दुकान ही फी कधीतरी सवलत म्हणून स्वतः सोसतं, पण तसं ते मोठ्या अक्षरांत जाहीर करतं. फीचा शब्दही नसेल तर विकणाऱ्याने आयुष्यात प्रायमर पाठवलेले नाहीत. मला विचाराल तर या धंद्यात खोटं दुकान ओळखायची यापेक्षा पक्की खूण नाही. टंचाईच्या काळात खरी दुकानं ‘एका गिऱ्हाइकाला एकच डबा’ म्हणत होती आणि सकाळी आलेला माल काही मिनिटांत संपत होता. पाचही जाती, हव्या तितक्या, आठवडाभर तशाच दिसत राहाव्यात हे त्या वर्षी शक्यच नव्हतं.

पैसे परत मिळाले नाहीत. बँकेने ऐकून घेतलं आणि नकार दिला. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या कायद्यात संरक्षण आहे ते खातेदाराच्या परवानगीवाचून झालेल्या व्यवहाराला. स्वतः बटण दाबून पाठवलेली रक्कम त्यात सहसा बसत नाही. क्लबातल्या ज्या सभासदाचा वर उल्लेख केला त्याने दुसऱ्या अशाच दुकानात क्रेडिट कार्ड वापरलं होतं. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार माल न मिळाल्याची हरकत बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी घेता येते. त्याने घेतली आणि त्याची पूर्ण रक्कम परत आली. कार्ड चालत नाही म्हणणाऱ्या प्रायमरवाल्याकडून माल घेऊ नका. टंचाई कितीही असो, सामना उद्यावर आलेला असो.

पैशांपेक्षा मला जास्त खुपलं ते वेगळंच. त्या टोळीकडे आता माझं नाव, घराचा पत्ता, परवान्याचा फोटो आहे, आणि या घरात रायफल आहे ही माहितीही आहे. म्हणून एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही पतनोंदणी कंपन्यांकडे माझी पत गोठवून घेतली, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. २०१८ पासून हे फुकट करता येतं. तिजोरीचं कुलूप बदललं. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रात, म्हणजे आयसी३ मध्ये, आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार दिली, धमकीचे मेल जसेच्या तसे जोडले. तक्रार करताना मला ‘तू इथला आहेस का’ असं कुणीही विचारलं नाही. धमकीच्या मेलला मी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. आणखी दोन आले, दोन्ही आधीपेक्षा कडक, मग बंद झाले.

याच टंचाईतला दुसरा प्रकार पैशांपुरता नाही, म्हणून तोही सांगतो. बंदुकांच्या जत्रेत किंवा ओळखीच्या ओळखीतून लोक पावडरीचे अर्धवट वापरलेले डबे विकतात. झाकण नीट लावलेलं असतं, लेबल मूळ कंपनीचं असतं. आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. पिस्तुलाची जलद जळणारी पावडर आणि रायफलची संथ जळणारी पावडर दिसायला पुष्कळदा सारखीच, काळपट दाणे किंवा चकत्या. रायफलच्या कोष्टकाप्रमाणे जलद पावडर भरली तर दाब इतका वाढतो की रायफल हातात फुटते, आणि तुमचा चेहरा तिच्यापासून वीतभरावर असतो. आमच्या क्लबात एकाने ‘व्हारगेट’ या रायफलच्या पावडरीचा असा डबा आणला होता. व्हारगेट ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाच्या कारखान्यात बनते, तिचे दाणे आखूड दंडगोल असतात. त्या डब्यात चपट्या चकत्या निघाल्या. त्याने ओतून पाहिलं म्हणून वाचला. विकणाऱ्याने फसवायच्या हेतूने केलं की कुणाच्या मापकातली उरलेली पावडर चुकून त्यात पडली, हे कळायला मार्ग नव्हता. हात गेल्यावर तो फरक कुणाच्या कामाचा? सील तुटलेली पावडर सख्ख्या भावाकडूनही घेऊ नका.

हे आता लिहितो आहे कारण बाजार पुन्हा तसाच होतो आहे. २०२४ च्या सुरुवातीपासून लष्करी मागणीमुळे काही पावडरी दुकानांतून गायब झाल्या, भाव चढले, आणि मला ओळखीची वाटणारी पानं परत दिसू लागली. तेच गोदामाचे फोटो, कार्डाची तीच अडचण, फक्त प्रायमरच्या जागी पावडर. तुमच्यापैकी कुणाला इमिग्रेशनचं नाव घालून असा मेल आला असेल आणि घरी सांगायची भीती वाटत असेल, तर मला कळवा. तो मेल पुसू नका, त्याला उत्तर देऊ नका. आपण फोनवर एकत्र बसून तक्रार भरू.