नकली पेशंट की खरा वॉर्ड? मेडिकलच्या पोरांना बोलायला कुठे शिकवायचं

पेशंटशी बोलायचं कसं हे शिकवायचे मुख्य रस्ते दोन, ट्रेनिंग दिलेला नकली पेशंट (म्हणजे आजाऱ्याचा अभिनय करणारा माणूस) नाहीतर थेट वॉर्ड. नकली पेशंटची आयडिया न्यूरॉलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांची, १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली, आणि तिचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चुकायची मुभा. कॅन्सरचं निदान सांगायचा सीन घ्या. स्टुडंट रिपोर्ट सांगतो, समोरची बाई एकदम गप्प होते, ह्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून हा लगेच केमोचं शेड्यूल सुरू करतो. इथे सर सीन थांबवू शकतात, बाई सांगू शकते की "रिपोर्टनंतरचं मला काहीच ऐकू आलं नाही", आणि परत पहिल्यापासून. खऱ्या पेशंटवर असा रीटेक नाही, नसावाच.

पण वॉर्डातला गोंधळ अभिनयात येत नाही. तिथे नातेवाईकच मध्ये उत्तरं देतात, आजोबांना कमी ऐकू येतं, शेजारच्या बेडवरचा कान टवकारून बसलेला, सिनियर घाईत. फक्त फीडबॅक द्यायला बरेचदा कोणीच नसतं, मग पोरं सिनियरचीच स्टाईल उचलतात, चांगली असो की वाईट.

खर्चात वॉर्ड स्वस्त. (अॅक्टरचं बजेट नसेल तर पोरांनीच आपसात रोल प्ले करावा, हसण्यात थोडा वेळ जातो एवढंच.) माझ्या मते वाईट बातमी सांगणं आधी नकली पेशंटवर, हिस्टरी घेणं (म्हणजे आजाराची सगळी माहिती विचारून काढणं) मात्र वॉर्डातच, पण शेजारी उभं राहून ऐकणारं कोणीतरी हवं.