बाईकला मोबाईलचा चार्जर लावताय? "चावीवर की डायरेक्ट" हे आधी विचारा : आठ महिन्यांचा अनुभव

गणपतीत अकरा दिवस गावी होतो. गाडी पुण्यात, पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली होती. परत आल्यावर सकाळी ऑफिसला निघताना सेल्फ दाबला तर नुसतं टक-टक-टक. पुन्हा दाबला तर तेही नाही, मीटरचे दिवेच विझले. बाईक बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची, किक नाही. वॉचमनकाका आणि मी सोसायटीच्या उतारावर ढकलून पाहिली. पण इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपच करंटवर चालतो. बॅटरी पार बसली असेल तर ढकलून फक्त दम लागतो.

मे महिन्यात हँडलला दोन पोर्टचा यूएसबी चार्जर बसवला होता, ७५० रुपयांचा, व्होल्टमीटरवाला. चार्जिंगबद्दल तक्रार नाही. पुण्याहून चिपळूणला जाताना मॅप सतत चालू असूनही फोन ३० टक्क्यांवरून ८५ वर गेला. कुंभार्ली घाटात धो धो पाऊस लागला, तरी रबरी झाकण नीट दाबलेलं असल्यामुळे आत पाणी गेलं नाही.

सर्व्हिस सेंटरला गेलो. बॅटरी वॉरंटीत होती. सल्लागाराने सीट काढली, बॅटरीच्या टर्मिनलवर जादा लाल वायर दिसली आणि तिथेच विषय संपला. "साहेब, बाहेरचं वायरिंग केलंय, वॉरंटी बसत नाही. नवीन टाका, २,१०० होतील." मी म्हटलं, आधी चार्ज करून लोड टेस्ट तर करा, म्हणजे भार टाकल्यावर बॅटरी टिकते का ते बघा. "त्याचा उपयोग नाही." टेस्ट न करता उपयोग नाही हे कसं कळलं, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. फार संताप आला. बॅटरी काढून घेतली आणि कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावली. शंभर रुपये. आणली तेव्हा १०.९ व्होल्ट होती, सकाळी १२.७. जानेवारी उजाडला, तीच बॅटरी एका दाबात गाडी चालू करते. दोन हजार रुपये वाचले.

तोपर्यंत माझा सगळा राग चार्जरवर होता. त्यातही त्याच्या व्होल्टमीटरच्या निळ्या आकड्यांवर. गाडी बंद असली तरी ते रात्रंदिवस पेटलेले असायचे आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मल्टिमीटर आणून चावी बंद ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि मीटर मध्ये जोडून करंट मोजला. २२ मिलिअँपिअर. चार्जरचा फ्यूज काढल्यावर जेमतेम १. म्हणजे चार्जर आणि त्याचे आकडे मिळून दिवसाला अर्धा अँपिअर-अवर पीत होते. अकरा दिवसांचे साडेपाचच्या वर झाले, आणि माझी बॅटरी आहे ८ अँपिअर-अवरची. उरलेल्यात सेल्फ फिरणार कसा?

पण मग नीट पाहिलं तेव्हा मत बदललं. दोष चार्जरचा नव्हता, जोडणीचा होता. ॲक्सेसरीच्या दुकानातल्या मुलाने पंधरा मिनिटांत काम उरकलं होतं आणि लाल वायर डायरेक्ट बॅटरीवर घेतली होती, म्हणजे चावी बंद असली तरी चार्जरला करंट चालूच. त्याहून वाईट म्हणजे फ्यूज बॅटरीपाशी न लावता हँडलखाली, चार्जरच्या तोंडाशी लावला होता. टाकी उचलली आणि पोटात गोळाच आला. हँडल वळताना वायर चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला घासत होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कव्हर सोलून तांब्याच्या तारा चकाकत होत्या. ती जागा बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली. तिथे चेसीला शॉर्ट झाला असता तर फ्यूज उडालाच नसता, टाकीखाली वायर जळत राहिली असती. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ही एक गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगतो.

सगळं उपसून एका रविवारी नव्याने केलं. चार पिनांचा साधा रिले घेतला, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच. बॅटरीवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून चार्जरला, ८५ अर्थ, आणि ८६ ला टेललॅम्पच्या वायरवरून इशारा. चावी फिरवली की टेललॅम्प लागतो, रिले टिक करतो, चार्जर चालू. चावी काढली की सगळं बंद. टेललॅम्पच्या वायरवर भार चार्जरचा नाही, फक्त रिलेच्या कॉइलचा येतो. वायर आधीपेक्षा जाड, दीड स्क्वेअर एमएमची घेतली. चेसीला घासेल तिथे स्लीव्ह चढवली, हँडलपाशी थोडी ढिली सोडली. रिले पिना खाली करून बसवला आणि वायरला त्याच्याखाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरूनच ठिबकून जातं. सगळा खर्च अडीचशे रुपये. जाड वायरचा लगेच दिसलेला फायदा सांगतो : आधी बॅटरीवर १४.१ व्होल्ट असताना चार्जरवर १३.६ दिसायचे, आता १४.० दिसतात.

ज्या आकड्यांवर मी चिडलो होतो, ते डिसेंबरात कामी आले. ताम्हिणीतून परतताना नजर सहज गेली, १२.४. चालत्या गाडीवर एवढे कमी कधीच दिसले नव्हते. थोड्या वेळाने १२.२, मग १२.१. चार्जिंग बंद पडलं होतं आणि गाडी निव्वळ बॅटरीवर पळत होती. फोन लगेच चार्जरवरून काढला. हेडलाइट बंद करायची सोय नाही, एप्रिल २०१७ पासूनच्या नियमाने दुचाकीचा दिवा कायम चालूच असतो. घाटात, नेटवर्क नसलेल्या जागी इंजिन बंद केलं असतं तर ते पुन्हा लागेल याची खात्री नव्हती. इंजिन तसंच चालू ठेवून पौड गाठलं. तिथल्या मेकॅनिकने बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड उघडला. एक टर्मिनल काळं पडलेलं, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी. टर्मिनल बदलायचे दीडशे घेतले. गाडी चालू केली, आकडे परत १४.१.

आता चावी लावली की आधी तिकडे बघतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी १२.६ च्या आसपास, इंजिन तापल्यावर १४ च्या आसपास. एक त्रास मात्र अजून आहे. रात्रीच्या रस्त्यावर तो निळा उजेड डोळ्यांत खुपतो, कमी करायचं बटण नाही. लाल टेपचे दोन थर लावलेत. आकडे दिसतात, डोळे दिपत नाहीत.

मागच्या रविवारी असाच चार्जर धाकट्या भावाच्या गाडीला लावला. फ्यूज बॅटरीपाशी, चार्जर चावीवर.